दोन देऊळवाड्या आणि एक माळा

आमच्या वाचनालयात संगणक आले ते पोट साफ करून. वाडीवाडीच्या मुंबई मंडळांनी ओळखीपाळखीच्या ऑफिसांतून जुने, मोडीत निघालेले संगणक मिळवले, टेम्पोत घातले आणि फोंडाघाट उतरवून गावी धाडले. पण ऑफिसवाले पक्के. आपली गुपितं गावोगाव फिरू नयेत म्हणून त्यांनी प्रत्येकातली हार्ड डिस्क काढून घेतली होती. आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. अख्खं गाव त्यांना नुसतं मास्तर म्हणतं. त्यांनी एक डबा उघडून आत बोट फिरवलं आणि मला विचारलं, "ह्येच्यात कायतरी कमी आसा काय गो?"

"डोकं आहे मास्तर, पण लक्षात काही राहत नाही," मी म्हणाले.

"मगे आमच्या कमिटीत शोभतले," मास्तर म्हणाले आणि खोकला येईपर्यंत स्वतःच हसले.

ही मशीन माझ्या गळ्यात पडली, कारण मी मुंबईत वीस वर्षं असल्याच यंत्रांची उस्तवार केली होती. बाबांचे गुडघे दुखायला लागले म्हणून चार महिन्यांसाठी आचऱ्याजवळच्या या आमच्या गावात आले, ती राहिलेच. इतक्या वर्षांत माझी मालवणी अर्धीमुर्धी झाली आहे. चिडले की मात्र अस्सल येते. मी तापट आहे असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? वायर अर्धवट खोचून वर मलाच 'चालणा नाय गो' सांगायला येणारे तेच.

वाचनालयात माझ्याखेरीज रोजचं माणूस एकच, आमची वयनी. आमच्याच वाडीतली, नात्याने लांबची भावजय. बारा वर्षं तिने ते वाचनालय झाडलं, पुस्तकांना शिक्के मारले, वाळवी लागलेली कपाटं उन्हात काढली. कोणतं पुस्तक कुठे आहे ते रजिस्टरपेक्षा तिला जास्त ठाऊक. त्या वर्षी लिपिकाची जागा रिकामी झाली. वयनीने सरळ कमिटीपुढे अर्ज टाकला. दहावी झालेली होती, नियमात बसत होती. कमिटीने अट घातली की संगणकावर मराठी टंकलेखन करून दाखवायचं, कमिटीसमोर, आपल्याच वाचनालयात. नाही जमलं तर मालवणचा एक सर्टिफिकेटवाला तयारच होता.

"केरसुणी माका वायट दिसणा नाय," वयनी मला म्हणाली. "पण बारा वर्सा वाकान काम केलंय. आता वायच बसान करूक व्हया."

एवढंच तिचं मागणं. मी म्हटलं, वयनी, तू फक्त बोटं चालव, मशीन मी चालवते. हे वाक्य मी किती तोऱ्यात म्हटलं होतं ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

तर मशीन. डिस्क नसलेलं यंत्र चालू शकतं हे गावाला पटवायलाच मला आठवडा लागला. एक संगणक तेवढा मी माझ्या पदरचा, डिस्क असलेला, बालवाङ्मयाच्या कपाटाशेजारी ठेवला. त्याला आम्ही मोठं यंत्र म्हणायचो. बाकीची बिनडिस्कची सात यंत्रं वायरीने त्याला जोडली. बटण दाबलं की बिनडिस्कचं यंत्र वायरीतून हाक घालतं: मी उठलोय, मी कोण, माझं नाव काय, मी काय करू? मोठं यंत्र त्याला नाव सांगतं, नंबर देतं, लिनक्स, म्हणजे यंत्र चालवायची सगळी अक्कल, पाठवतं, म्हणतं, लाग कामाला. हे मी वयनीला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ह्यो माझ्या घोवासारकोच. रोज सकाळी उठान इचारता, माझो सदरो खंय?"

सुरू झाली. पण लगेच दुसरं दुखणं निघालं. या यंत्रांची रॅम, म्हणजे काम करायची जागा, अगदी इवलीशी. मराठी टंकलेखन उघडलं तर ठीक, त्यात ब्राऊझर उघडला की यंत्र डोळे पांढरे करायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ब्राऊझरला कोण सांगणार? घरच्या संगणकाला असं झालं तर तो कामात नसलेलं सामान गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवतो, लागेल तेव्हा परत आणतो. त्या ठेवायच्या जागेला स्वॅप म्हणतात. आमच्या यंत्रांना डिस्कच नाही, तर ठेवणार कुठे?

"शेजाऱ्याकडे," मी वयनीला म्हणाले. "मोठ्या यंत्राच्या डिस्कवर प्रत्येकासाठी जागा राखायची. यंत्राची खोली भरली की सामान वायरीतून तिकडे."

वयनीला हे माझ्यापेक्षा लवकर कळलं. "चवथीक आमी तांच करतंव मा! मुंबयकार इले की घरात पाय ठेवक जागा नाय. मगे ट्रंका, गाद्यो, मोठे टोप सगळा शेजारणीच्या माळ्यार. चवथ झाली की परत." मग म्हणाली, "पण नाव घालूक इसरा नको हां. नाव नसला तर माळ्यार गेलेला सामान आपला ऱ्हवणा नाय."

"नावाचाच बंदोबस्त केलाय," मी म्हणाले. आणि केलाच होता. सगळी यंत्रं मोठ्या यंत्राकडून एकच पाठ शिकून उठत होती, म्हणून मी त्या पाठात एक ओळ लिहिली: माळ्यावर तुझ्या नावाची फाईल शोध. असेल तर तिच्यात सामान ठेव. नसेल तर नवी बनव आणि तिच्यात ठेव. सात यंत्रांना सात वेळा सांगायला नको. मला माझ्याच अकलेचं एवढं कौतुक वाटलं की मी त्या दिवशी बाबांना जेवताना तीच गोष्ट दोनदा सांगितली. बाबा म्हणाले, "कढी घे."

एक अडचण मध्ये आली, तीही सांगते, कारण तिथे मी खरोखर हुशारी दाखवली होती आणि पुढे काय होणार आहे ते बघता मला ती कुठेतरी नोंदवून ठेवायची आहे. यंत्र पूर्ण गच्च भरलं की ते सामान बाहेर पाठवायलाही जागा उरत नसे. वायरीतून पाठवायचं म्हणजे आधी गाठोडं बांधावं लागतं, आणि गाठोडं बांधायला चार हात जागा लागते. तीच नाही. मग यंत्र तसंच थिजून बसायचं. मी प्रत्येक यंत्राला थोडी जागा कायमची मोकळी ठेवायला सांगितलं. वयनी म्हणाली, "दारातली वाट सोडूक व्हयीच. नायतर ट्रंक भायर काढतलास खंयसून?" मला हे शोधायला दोन दिवस लागले होते.

आता नावांची गोष्ट. नावं मी ठेवली नाहीत. मंडळांनी यंत्रं दिली ती याच अटीवर की प्रत्येकावर वाडीचं नाव दिसलं पाहिजे, बाहेर चिकटवलेलं आणि चालू केल्यावर पडद्यावरही. म्हणून आमच्याकडे एक भटवाडी होती, एक गाऊडवाडी होती, एक देऊळवाडी होती. वयनीचा सराव देऊळवाडीवर चालायचा. ते खिडकीजवळचं यंत्र, तिथे वारा चांगला.

दोन महिन्यांनी आठवं यंत्र आलं, शेजारच्या गावातल्या एका वाडीच्या मंडळाकडून. सोबत मंडळाचा एक चाकरमानी स्वतः आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी विचारलं, वाडीचं नाव काय लिहू?

"देऊळवाडी," तो म्हणाला.

कोकणात देऊळ नसलेलं गाव नाही, आणि देवळाभोवतीच्या घरांना दुसरं काय म्हणणार? मी म्हटलं, देऊळवाडी आमच्याकडे आधीच आहे. तुमच्या यंत्राला देऊळवाडी दोन म्हणू या.

"दोन?" चाकरमानी खुर्चीतून उठलाच. "आमी काय दोन नंबरवाले? आमच्या वाडीत एक तरी धंदो दोन नंबरचो दाखवा!"

"बरं, धाकटी देऊळवाडी?"

"तुमचा देऊळ आमच्या देवळापेक्षा जुना काय? मापा घेऊन बसूया?"

तेवढ्यात मास्तरही सरसावले. आमच्या देवळाच्या म्हातारपणाची बाजू घेऊन ते बोलू लागले, आणि मला दिसलं की आता हे दोघे दीपमाळेचे थर मोजत बसणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "असो दे. दोनय देऊळवाडी! एक खिडकीकडची, एक दाराकडची. झाला समाधान?" दोघांचं झालं. मी मोठ्या यंत्रात आठव्याचंही तेच नाव लिहिलं. नंबर वेगवेगळा होता, म्हटलं नावाने काय बिघडतंय? वाचणारा एखादा जाणकार इथेच कपाळावर हात मारील. मी तेव्हा मारला नाही.

दाराकडच्या देऊळवाडीवर हक्क सांगितला तो एका आजोबांनी. शेजारच्याच गावचे, जन्मभर बोटीवर स्वयंपाकी होते. जगभरच्या खलाशांना जेवू घातलेला हा माणूस आता पाककृतींचं पुस्तक लिहीत होता. मंगळवार आणि शुक्रवार हे त्यांचे वार. एका बोटाने टायपायचे आणि टायपताना मोठ्याने बोलायचे. "बांगडे... धुवान... घे. तिरफळां... ठेचून... घाल." माशांचे फोटोही काढून आणायचे, एकेका बांगड्याचे दहा दहा. वयनीला त्यांचं बोलणं ऐकून ऐकून भूक लागायची.

तीन महिन्यांत वयनीची बोटं अशी पळायला लागली की बघत राहावं. आधी ती अक्षर शोधायची तेव्हा जीभ बाहेर काढायची. मग जीभ आत गेली. मग डोळेही कळफलकावरून उठले. मधूनमधून खिडकीकडचं यंत्र एकदम गप्प व्हायचं किंवा टंकलेखन आपोआप बंद पडायचं. मी खाऱ्या वाऱ्याला दोष द्यायचे, वायरीची टोकं पुसायचे. ते नेमकं मंगळवारी नाहीतर शुक्रवारीच होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. घोडं तिथेच पेंड खात होतं.

चाचणी ठरली ती शुक्रवारी सकाळी दहाला. कमिटीचे पाच जण आले. इस्त्रीवाला चाकरमानीही गावी आलेला होता, तो आपलं यंत्र कसं चाललंय ते बघायला आला. आजोबांना मी नम्रपणे म्हटलं, आज राहू दे. ते म्हणाले, "माझो वार आसा," आणि बसले.

मास्तरांनी एक कार्यालयीन पत्र दिलं, ग्रंथालयाला पुस्तकं मिळावीत अशा मागणीचं. वयनी बसली. साडीचा पदर खोचला, एकदा देवाचं नाव घेतलं आणि सुरू झाली. 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...' टकटकटक. मी घड्याळ बघत होते आणि आतून नाचत होते. अर्धं पत्र झालं, एकही चूक नाही. तेव्हाच चहा आला.

चहा आला की कमिटी थांबते, मग बाकी काही असो. मास्तर म्हणाले, बाकीचं चहानंतर. आणि चहाबरोबर भाषण. वाचनसंस्कृतीवर. तेवढ्या वेळात चाकरमान्याने, त्याच्या यंत्रावर आजोबा बसलेले म्हणून, वयनीच्याच यंत्रावर आपल्या वाडीच्या जत्रेचे व्हिडिओ लावले, एक नाही, चार. तिकडे आजोबांनी आपले बांगड्यांचे चाळीस फोटो एकदम उघडले, त्यांना त्यातला एक निवडायचा होता. दोन्ही खोल्या भरल्या. दोन्ही यंत्रांनी आपापलं सामान माळ्यावर पाठवलं.

चहा संपला. वयनीने पत्र पुढे घेतलं. ती थबकली.

मास्तरांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की बांगडे धुवान घे. तिरफळां ठेचून घाल. वाटाप जास्त बारीक नको."

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मग ते यंत्र काळं पडलं आणि बंदच झालं. दाराकडून आजोबांचा आवाज आला, "आवशीक खाव! माझ्या बांगड्याच्या तिखल्यात ह्यो महोदय खंयसून इलो?" त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मी पण नाही. तिथेच उत्तर ओरडून सांगितलं जात होतं आणि मी वयनीचं तोंड बघत उभी होते. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, उलटे.

मास्तर सभेतल्या शुद्ध मराठीत गेले. "वेग चांगला आहे. परंतु एकाग्रता नाही. शासनाच्या पत्रात बांगडा जाऊन चालणार नाही." पुढच्या सोमवारच्या बैठकीला मालवणच्या उमेदवाराला बोलवायचं ठरलं. मी तावातावाने बोलले, यंत्र बिघडलं होतं म्हणाले. एका सदस्याने शांतपणे विचारलं, "यंत्र बिघडलं तर बंद पडेल. ते पाककृती कसं लिहील?" मी जाऊन वायरीचं टोक पुसायला लागले.

सगळे गेल्यावर वयनी कप गोळा करायला लागली. मी म्हटलं, ते ठेव, हे तू टायप केलेलं नाहीस. ती म्हणाली, "केलंय असतलंय गो. आजोबांचा आयकान आयकान माझ्या बोटांत बसला असतला. पत्रापेक्षा बांगडोच माका जास्त म्हायत." आणि ती केरसुणी घेऊन खोली झाडायला लागली. तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. माझ्या यंत्राने उडवला होता. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "शिरा पडो त्या मशिनार, आणि तुझ्या तोंडार पण! परत असा बोललंस तर बघ!"

शनिवार, रविवार मी वाचनालयातून उठले नाही. वायरी बदलल्या. रॅम काढून पुसून परत लावली. खिडकीकडचं यंत्र एकटं तासभर दमवलं, काही नाही. दाराकडचं दमवलं, काही नाही. दोन्ही शहाण्यासारखी वागली. गावात एव्हाना बातमी पसरलीच होती. कोणी म्हणे, जागेचा देवचार रागावलाय, त्याला नारळ द्या. मी म्हटलं, देवचाराला लिनक्स येत असेल तर त्याला आधी इथे पाठवा.

रविवारी दुपारी वयनी माझ्यासाठी घावणे घेऊन आली. रागावली नव्हती. तिचा राग तिच्या घावण्याच्या पिठासारखा, भिजवला न भिजवला तोच भाजून संपतोही. डबा पुढे ठेवत म्हणाली, "डबो परत दी हां आठवणीन. नंबर बघून दी."

"कसला नंबर?"

तिने झाकण उलटं करून दाखवलं. झाकणावर तिचं नाव कोरलेलं होतं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, सगळ्यांच्या भांड्यांवर असतं तसं. आणि त्याखाली एक आकडा.

"घर नंबर," ती म्हणाली. "भावकीत ह्या नावाच्यो आमी तिघी. तिघींच्या घोवांची नावा पण तेंच्या आजोबांवरसून ठेवलेली, तीच. एका चवथीक माझो टोप धाकट्या जावेच्या माळ्यार गेलो. तिसरीचो पण थंयच गेलो. परत आणूक गेलंय तर माका तिसरीचो गावलो, भितर तिची सुकटा! माझ्या टोपात तिका माझे तांदूळ. भांडाण झाला मा. नाव एकच, मगे चुकलो कोण? तेच्यानंतर मी नावाखाली नंबर घालून घेतलंय."

माझ्या हातातला घावणा हातातच राहिला.

नाव एकच. माळा एकच. एकीच्या टोपात दुसरीची सुकटं. मी उठले आणि मोठ्या यंत्रापाशी गेले, माळ्यावरच्या फाईली मोजल्या. यंत्रं आठ होती. फाईली सात. खिडकीकडच्या देऊळवाडीने बनवलेल्या फाईलीत दाराकडची देऊळवाडी इतके दिवस आरामात सामान ठेवत होती, आयत्या बिळावर नागोबा. मीच तिला सांगितलं होतं ना, तुझ्या नावाची असेल तर तिच्यातच ठेव! मंगळवार-शुक्रवारचं ते गप्प होणं त्याचंच; पण दोन्ही यंत्रं एकाच वेळी गच्च भरली नाहीत तोवर कोणाला पत्ता लागला नाही. भरली, आणि वयनीचं पत्र जिथे ठेवलं होतं तिथेच आजोबांचे बांगडे येऊन पडले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शोधायचं होतं ते माझ्याच ओळीत होतं.

"वयनी," मी म्हणाले, "तू एक अक्षरही चुकली नव्हतीस."

तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसतेय. रडत होती. मग हसली पण. म्हणाली, "म्हणजे माझा पत्र तेंच्या तिखल्यात गेला?"

"गेलं. महोदयांसकट."

प्रत्येक यंत्राच्या नेटवर्कच्या कार्डावर कारखान्यातूनच एक नंबर घातलेला असतो, जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. मी ती एक ओळ बदलली. फाईल आता नावाची नाही, नंबरची. आठ यंत्रं, आठ फाईली. पाच मिनिटांचं काम. पण खरं काम उरलं होतं, ते सोमवारच्या बैठकीत उभं राहून बोलायचं. वीस वर्षांत मी ऑफिसात चूक माझी आहे असं कधी म्हटलं नव्हतं. तिथे म्हणायची पद्धत नव्हती, वायर नाहीतर विजेचं खातं असायचंच की. रात्रभर वाटत होतं, कार्डाचा दोष म्हणावं, कोणाला कळतंय?

सोमवारी मालवणचा उमेदवार बाहेरच्या बाकावर बसला होता. मी आत गेले आणि म्हणाले, "मास्तर, पत्रात बांगडा वयनीने नाही टाकला. मी टाकला."

"तू?" मास्तर सभेत आहेत हे विसरले. "तुका तर बांगडो साफ करूक पण येणा नाय!"

मी दोन देऊळवाड्यांची, दोन टोपांची गोष्ट सांगितली. माझी चूक, माझी घाई, माझा तोरा. सगळं. पितळ स्वतःच्या हाताने उघडं पाडायला वेळ लागत नाही, एकदा सुरुवात केली की झालं. चाचणी परत घ्या, म्हणाले, पण माझी अट आहे. सगळं शुक्रवारसारखंच व्हायला हवं. अर्ध्यात चहा. चार व्हिडिओ. आजोबांना मी निरोप दिलाय, ते चाळीस फोटो घेऊन दारात बसलेत. आणि मास्तर, तुमचं भाषण. पूर्ण.

"पूर्ण?" एक सदस्य हळूच म्हणाले.

"पूर्ण," मी म्हणाले.

मास्तरांना एवढा आग्रह आयुष्यात कोणी केला नसेल. मालवणच्या उमेदवारालाही बोलावून चहा दिला, बिचारा हातात बशी धरून उभा राहिला. वयनीने अर्धं पत्र टायपलं. मग चहा, व्हिडिओ, बांगडे, वाचनसंस्कृती. मी मोठ्या यंत्रापाशी उभी राहून माळा भरताना बघत होते. दोन फाईली, दोन्हीकडे सामान चढत होतं, आपापल्या. मास्तर थांबले. वयनी परत बसली, व्हिडिओ बंद केले, आणि पत्र उघडायला यंत्राने जरा वेळ घेतला. माळ्यावरून सामान उतरवायला वेळ लागतोच.

मास्तर वाचू लागले. "महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की..." ते थांबले, चष्मा वर केला, परत खाली केला. "...की आपल्या ग्रंथालयास नवीन पुस्तकांची आवश्यकता आहे."

दाराकडून आजोबा ओरडले, "माझ्याकडे महोदय नाय! बांगडेच आसत!"

उरलेलं पत्र वयनीने कोणाकडे न बघता संपवलं. एकही चूक नव्हती. मालवणच्या मुलाने सगळ्यात आधी टाळी वाजवली, हे मला सांगायलाच हवं. कमिटीने पाच मिनिटं आपसांत कुजबुज केली आणि तिथल्या तिथे ठराव लिहिला. आजोबा मात्र माझ्यावर थोडे नाराज झाले. म्हणाले, 'सविनय' हा शब्द तिखल्यात बरा दिसत होता, तो मी पुस्तकात ठेवणार आहे.

सगळे गेल्यावर मास्तरांनी वयनीला सांगितलं, सूचनाफलकावर लावायला कागद तयार कर. लिपिक म्हणून नाव. हे तिचं खुर्चीवर बसून करायचं पहिलं काम. बारा वर्षं त्या फलकावर कमिटीच्या सगळ्यांची नावं होती आणि शेवटी नुसतं 'सेविका: एक' असं लिहिलेलं होतं. तिने ते वाचलं असेल किती वेळा, पुसून पुसून.

ती खिडकीकडच्या देऊळवाडीवर बसली. 'लिपिक' लिहिलं, पुढे आपलं नाव लिहिलं, पूर्ण, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मी प्रिंट काढायला हात पुढे केला तर तिने तो धरला.

"थांब गो. तिघी आसंव आमी," ती म्हणाली आणि नावाखाली घर नंबर टायपला. "नायतर माझी नोकरी दुसरीच्या माळ्यार जायत."